केफिरची बरणी

पोट ताळ्यावर यावं म्हणून डोरीननं केफिरचं, म्हणजे ताकासारख्या एका आंबट पेयाचं, विरजण आणलं आणि तिथून घोटाळा सुरू झाला. दुधात घातलं की ते विरजण वाढतच जायचं. टाकून देववेना, म्हणून ती बरण्या भरभरून सगळ्या गल्लीत वाटू लागली. लोकही मोठे गुणाचे. समोरचा हार्लन तर चर्चच्या पायरीवर पोट थोपटून सांगायचा, "डोरीन, तुझ्या केफिरनं पोट कसं कापसासारखं हलकं झालंय!"

शनिवारी कोपऱ्यावरच्या घरात कायलर नावाचा नवा भाडेकरू आला. डोरीन बरणी घेऊन तडक त्याच्या दारात.

तिच्या हातातली बरणी बघून तो हसतच सुटला. "अरेरे, तुमच्याही घरी पोचली का ही? या, आत या, गंमत दाखवतो." त्यानं फ्रिज उघडला. आत बरण्याच बरण्या. "सकाळपासून घरटी एक आलीय. वर प्रत्येकानं बजावलंय, डोरीनला कळू देऊ नकोस. आहे तरी कोण हो ही बया?"

डोरीननं बाह्या सरसावल्या.

"दे त्या सगळ्या इकडे," ती म्हणाली. "हार्लनपासून सुरुवात करते. एकेकाला समोर बसवून पाजते."