नखाएवढी पुस्तकं
या मायबापहो, जवळ सरकून बसा, आमच्या नेपल्समधली एक गोष्ट सांगते. पास्क्वाले बाइंडरनं म्हातारपणी नातीच्या बाहुलीघरासाठी टाकाऊ वस्तूंतून नखाएवढी पुस्तकं बांधली. पास्ताच्या खोक्याचा पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरची पानं, वर चामड्याचं कव्हर. त्याच्या लेकीनं, असुंतानं, एक उचललं. “बाबा, चामडं किती मऊ! कुठलं?” “तुझ्या आईचे हातमोजे कापले. ती गेल्यापासून कपाटात नुसते पडले होते.” “पडले होते? रोज दार लावून जपमाळ ओढताना तेच घालायचे मी! आईनं हात धरल्यासारखं वाटायचं.” “मग सांगायचंस ना, वेडे!” “विचारायचंत ना!” म्हाताऱ्यानं कापून उरलेला मोज्याचा अंगठा पुढे केला. असुंता म्हणाली, “एवढ्याशा अंगठ्यानं ती माझा हात कसा धरणार?” मायबापहो, प्रार्थनेत त्या माउलीला, नुन्झियाला, आठवा. जन्मभर परक्यांसाठी हातमोजे शिवले तिनं; स्वतःसाठी शिवलेला तो एकच जोड होता.