कव्हरवरची सिगारेट

"सिगारेट राहील," भाता म्हणाला, "नाहीतर रेकॉर्डही निघणार नाही."

कंपनीच्या माणसानं कॉफीचा कप खाली ठेवला. "सर, आजकाल कव्हरवर सिगारेट म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"आरोग्याच्या दृष्टीनं..."

"ऐंशी ओलांडली मी. आरोग्याची दृष्ट लागायची असती तर एव्हाना लागली असती."

भाता हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सॅक्सोफोन फुंकायला लागला की थांबायचा नाही, म्हणून बॅंडमधल्या मंडळींनी ते ठेवलं. मंडळी एकेक करून गेली, नाव राहिलं. त्या सगळ्यांनी मिळून जॅझची एकच रेकॉर्ड काढली होती. तेव्हा ती कुणी घेतली नाही, त्यामुळे पुढे ती दुर्मिळ झाली आणि दुर्मिळ झाल्यामुळे थोर ठरली.

थोर ठरण्यात संगीतापेक्षा कव्हरचा वाटा मोठा. गडद अंधारात भात्याचा चेहरा, डोळे मिटलेले, ओठांत सॅक्सोफोन, आणि कानाजवळ दोन बोटांत जळती सिगारेट. जाणकारांनी या फोटोवर इतकं लिहिलं होतं की रेकॉर्ड ऐकायला त्यांना वेळ उरला नसावा. एकाला त्यात बेफिकिरी दिसली, दुसऱ्याला व्यवस्थेला दिलेलं आव्हान. एका प्राध्यापकानं तर रेकॉर्डवरची सगळी धून धुराच्या वळणातच आहे असं सिद्ध केलं. ते वाचून भात्याला, आपण उगीच फुंकलं असं वाटलं होतं.

आता कंपनी ती रेकॉर्ड पुन्हा काढणार होती. बॅंडमधला जिवंत माणूस एकटा भाता. त्याच्या सहीशिवाय काम पुढं सरकणार नव्हतं.

"बाबा, हट्ट पुरे झाला," मुलगी म्हणाली. ती फुप्फुसांची डॉक्टर. दवाखान्यातून तशीच आली होती, स्टेथोस्कोप गळ्यातच विसरून. "रेकॉर्ड पुन्हा निघावी म्हणून इतकी वर्षं तुम्ही यांना भंडावून सोडलंत. आता ते दाराशी आलेत तर तुम्ही कडी लावून बसलात."

"कडी कुठं लावली? फक्त म्हटलं, पाय पुसून आत या."

कंपनीच्या माणसानं हसावं की नाही याचा अंदाज घेतला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर नवं कव्हर आलं. सिगारेट नव्हती, धूर नव्हता. कानाजवळ नुसता अंधार.

भात्यानं चष्मा वर-खाली केला. "हात कुठाय?"

"सिगारेट काढल्यावर हात विनाकारण दिसायला लागला, सर. धरलेलं काही नाही, नुसताच अधांतरी. म्हणून तोही काढला. आता किती स्वच्छ वाटतंय बघा!"

"सामान नेलेलं घरही स्वच्छच दिसतं."

"मला तर छान वाटलं," मुलगी म्हणाली. "दिवसभर मी पेशंटच्या मागे लागते, सोडा म्हणून. आणि माझ्या बापाची सिगारेट जगप्रसिद्ध! परवा एकानं ते कव्हर माझ्यापुढं नाचवलं. म्हणाला, तुमच्या वडलांचं काय बिघडलं हो?"

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? त्यांचं नाही बिघडलं. आईचं बिघडलं."

कंपनीचा माणूस एकदम कॉफीत लक्ष घालू लागला. कप रिकामा होता.

आई छातीच्या दुखण्यानं गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. तिनं बापाला शब्दानं कधी काही विचारलं नव्हतं, फुप्फुसांची डॉक्टर होऊन दाखवलं होतं. आज मात्र शब्दही आले.

"तुमचा धूर तिच्या छातीत गेला, बाबा. मला कळायला लागल्यापासून तुमच्या हातात सिगारेट नाही, मान्य. पण सोडलीत ती उशिरा. तो फोटो पाहिला की मला आईचा एक्स-रे दिसतो."

हा आरोप भाता तिच्या डोळ्यांत फार वर्षं वाचत आला होता. त्यावर त्यानं एकदाही वकील दिला नव्हता. आजही त्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

ही संधी साधून कंपनीच्या माणसानं कागद पुढं केला, वर पेन ठेवलं. "सर, फक्त इथं."

"जुना फोटो लावा," भाता म्हणाला.

"सर, आता कशाला..."

"लावा म्हणतो ना. हं. मोठा करा. अजून. आता त्यात माझे हात शोधा."

कंपनीच्या माणसानं पडद्यावर बोट टेकवलं. "हा डावा. वाद्याच्या वरच्या कळांवर."

"उजवा?"

"उजवा म्हणजे... जरा उजेड वाढवतो. हा इथं, खालच्या कळांवर..." आणि त्याचं बोट तिथंच राहिलं.

मुलगी खुर्चीतून पुढं वाकली.

"हे वाद्य दोन्ही हातांशिवाय वाजत नाही," भाता म्हणाला. "पण जाणकारांना मी एका हातानं वाजवतोय असं वाटलं. माणसं मनापासून कौतुक करत असली की मध्ये बोलू नये."

"मग सिगारेटचा हात कुणाचा?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"आमच्या पियानोवालीचा. माझी एकट्याची पाळी आली की ती उठून मागं उभी राहायची, माझ्या खांद्यावर हात ठेवून. फोटो दोघांचा होता. तुमच्याच कंपनीनं तेव्हा सांगितलं, कव्हरवर बाई नको, नावांतही नको, बाईनं वाजवलेला पियानो कोण विकत घेणार? कापताना हात तेवढा राहून गेला. कव्हर पाहिलं आणि तिनं पियानो मिटला, तो कायमचाच."

त्यानं पेन उचललं आणि मुलीच्या हातात दिलं.

"तुझ्या आईचा तेवढाच हात उरलाय तिथं. तोही छाटायचा असेल, तर सही तू कर."