गल्लीचा कौल

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "नगरपालिकेला उभी राहू का?" दोनशे बारा जणांनी 'राहा, मत तुम्हालाच' यावर बोट टेकवलं. त्या बळावर ताई उभ्या राहिल्या आणि सपाटून पडल्या.

पुढे शेजारच्या मावशींच्या पेन्शनच्या अर्जावर नव्या नगरसेवकाची सही काही मिळेना. तिसऱ्या खेपेला ताई त्यांच्यासोबत त्याच्या कचेरीत गेल्या.

"यांचं नाव यादीत आहे," कार्यकर्ता मान वर न करता म्हणाला.

"कसली यादी?"

त्यानं मोबाइल पुढे सरकवला. वर ताईंचाच प्रश्न होता आणि खाली ओळीनं नावं.

मावशी चष्मा सावरत कौतुकानं वाकल्या. "बघ गं, सगळ्यात आधी माझंच नाव आहे!"