डोंगर जागेवरच

सगुणाबाई संग्रहालयाच्या दालनातून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मनगटावरचा पट्टा हिरवाच होता. त्यांच्या आधी बाहेर पडलेल्या कॉलेजच्या मुली मात्र भिंतीला टेकून रडत होत्या.

"आजी, त्रास नाही ना झाला?" शाल्मलीने विचारले. दरडीखाली गेलेले वेताळघोळ गाव तिने या दालनात यंत्राने हुबेहूब पुन्हा उभे केले होते, त्यातून वाचलेल्या एकट्या सगुणाबाईंच्या आठवणींवरून.

"माझी धाकटी बहीण, भागू, चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ बसून राहिले. आता आवाज होईल, मग होईल."

"मग?"

"तिनं भाकऱ्या थापल्या. पोरं जेवली. दिवस मावळला. डोंगर जागेवरच."

शाल्मलीने मान खाली घातली. पट्टा नाडी बघून ज्याला झेपेल तेवढाच इतिहास दाखवायचा. ही सोय तिनेच केली होती.

"तुमच्या हृदयाला सोसलं नसतं, आजी. म्हणून यंत्रानं दरड गाळली."

सगुणाबाईंनी पट्टा काढून तिच्या हातावर ठेवला.

"डोंगर पडलाच नाही, तर भागू इतकी वर्षं मला भेटायला का आली नाही गं?"