डाव्या हाताची गिटार

“ही डावखुऱ्याची आहे. आमचा मुलगा उजव्या हाताचा होता,” काकासाहेब वकील म्हणाले. ‘होता’ हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी अपराध्यासारखं बायकोकडे पाहिलं.

गनीभाईंनी दुरुस्तीला आलेली पेटी बाजूला सरकवली, मांडीवर फडकं अंथरलं आणि गिटार उचलून घेतली. बास गिटार होती. चार जाड तारांची, ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून घुमणारी. असलं वाद्य ओळखणारा कारागीर नगर जिल्ह्यात एकच आहे, असं संगमनेरच्या कॉलेजातल्या संगीत शिक्षकांनी सांगितलं होतं. म्हणून नवराबायको पहाटेच्या एस.टी.नं गिटार मांडीवर घेऊन आले होते.

काकासाहेबांनी सगळं नीट क्रमानं सांगितलं, कोर्टात सांगावं तसं. गोरक्ष टँकवर लेफ्टनंट. नोव्हेंबरात इथून, नगरच्या छावणीतूनच, सीमेवर गेला. डिसेंबरात तार आली. टँक जळाला होता आणि ओळख पटावी असं काही उरलं नव्हतं. फेब्रुवारीत त्याचं इथं राहिलेलं सामान यादीसकट घरी पोचलं, एक ट्रंक आणि ही गिटार. ट्रंकेत गणवेश होते, पण गणवेश सगळ्यांचे सारखेच. गिटार मात्र त्याची नव्हती. त्याची त्यांनी स्वतः पाहिली होती. परत जाणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरच्या मुलाकडून त्यानं ती विकत घेतली होती आणि गणपतीत घरी आला तेव्हा माजघरात बसून उजव्या हातानं वाजवली होती. आईला तो घुमणारा आवाज आवडला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तिनं तो बंद करायला लावला होता.

“यादीतली एक वस्तू चुकली असेल, तर सगळी यादीच संशयात येते,” काकासाहेब म्हणाले. गिटार दुसऱ्या कुणाची आली असेल, तर तारही दुसऱ्या कुणाची आलेली असू शकते. ते दिल्लीला अर्ज करणार होते. त्यासाठी त्यांना जाणकाराच्या सहीचा कागद हवा होता. वाद्य अस्सल की नकली, किंमत काय, आणि मुख्य म्हणजे हे ते वाद्य नव्हे. मजकूर त्यांनी घरूनच लिहून आणला होता. खाली सहीपुरती जागा सोडली होती.

मनकर्णाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. तीन महिने त्यांनी मुलाच्या फोटोला हार घालू दिला नव्हता.

गनीभाईंनी गिटार उजेडाकडे वळवली. लाकूड अस्सल आहे, ते म्हणाले. असलं लाकूड आपल्याकडे होत नाही. रंगही मूळचा. पण बाकी पुष्कळ बदललेलं. तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी नवी, हाडाची, आणि खाचा उलट्या क्रमानं पाडलेल्या. बटणं एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेलेली. जुनी भोकं सागाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली. खालचा कोपरा कानशीनं घासून आत घेतलेला, उजवा हात वरच्या सुरांपर्यंत पोचावा म्हणून.

प्रत्येक बदलाबरोबर काकासाहेबांच्या चेहऱ्यावर थोडा थोडा उजेड येत होता. ते कागदाच्या पाठीवर भराभर लिहून घेत होते. हाडाची पट्टी. सागाच्या खुंट्या. मग त्यांनी किंमत विचारली.

जशीच्या तशी असती तर मुंबईच्या पार्टीनं मागाल ती दिली असती, गनीभाई म्हणाले. आता कुणी घेणार नाही. ही आता एकाच माणसाच्या उपयोगाची.

“म्हणजे आमच्या मुलाची नव्हे,” काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं.

गनीभाईंनी पेन आणि कागद घेतला. तो त्यांनी दोनदा वाचला. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या हाडाच्या पट्टीवरून फिरत राहिला. सही करावी असं त्यांना वाटलं. सही केली तर ही दोन माणसं आणखी वर्षभर तरी आशेवर जगतील. पण त्या वर्षानंतर काय, ते त्यांना सुचेना. त्यांनी टोपण न काढताच पेन परत केलं.

“वकीलसाहेब, हे काम माझ्याच हातचं हाय,” ते म्हणाले. “ऑक्टोबरात तुमचा गोरक्ष स्वतः आल्ता. टँकच्या झाकणात डावा हात सापडला हुता. बोटं दिसायला धड, पन तीन बोटांनी तार दबत न्हवती. म्हनून उलटी करून घेतली. डाव्या अंगठ्यानं वाजवीन म्हनला.”

काकासाहेबांचा हात पेनसह तसाच पुढे राहिला. रस्त्यावरून एक टांगा गेला.

मनकर्णाबाई उठल्या. जवळ आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी गिटारीला हात लावला, घासलेल्या कोपऱ्याला. त्या रडल्या नाहीत. शांतपणे विचारलं, “भाऊ, हात असा होता, तर त्याला लढाईवर नेलं कसं?”

गनीभाईंनी मान वर केली नाही.

“फौजेला ठाऊक न्हवतं, बाई. डाक्टरला कळलं तर हितंच ठेवतील, लढाईला न्हेनार न्हाईत, म्हनून त्यानं मला गप राहायला सांगितलं. आन् मी गप राहिलो.”