घोटभर गोड पाणी

दौंडच्या खालच्या अंगाला, भीमेच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातनं गिताबाई वाटीवाटीनं हंडा भरत होती. पूर्वी हातभर उकरलं की नितळ पाणी लागायचं. वाळूचे ट्रक नदीत उतरायला लागल्यापासनं कमरेइतकं खोल गेलं तरी पाणी नुसतं थेंबथेंब झिरपायचं.

तेवढ्यात वाळूनं भरलेला एक ट्रक तिच्याजवळच थांबला. "मावशी, घोटभर पाणी द्याल का?" ड्रायव्हरनं विचारलं. गिताबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पण तहानलेल्याला न्हाई म्हणायचं तिला जमलं नाही. तिनं तांब्या भरून दिला.

"काय गोड पाणी आहे हो!" तो तोंड पुसत म्हणाला. "आमच्या कोकणात किनाऱ्याची वाळू उपसून उपसून समुद्र पार वाडीत घुसला. विहिरी खारट झाल्या. शेवटी माझी आई गावच्या बायका घेऊन ट्रकपुढं आडवी झाली. आता तिथली पाटीभर वाळू उचलायची कुणाची छाती नाही!"

"मग त्या गाड्या कुठं गेल्या?"

"बांधकामं थोडीच थांबतात, मावशी? मालकानं सगळ्या इकडं आणल्या, भीमेवर." आणि हसत हसत त्यानं गाडी चालू केली.

गिताबाईनं हंडा बाजूला सारला, पदर खोचला आणि ती तशीच चाकापुढं वाळूत आडवी झाली.

 

"तुझी आईच पडलीया समज," ती कडाडली, "आन् घाल आता गाडी!"