पारापर्यंतचा दम

शाळेच्या गार हॉलच्या बंद दाराला कान लावून सगळी वाडी ऐकत होती. बाहेर अनुजा ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत वडाच्या पाराकडे निघाली होती. उष्मा मोजायचं यंत्र बंद पडल्यापासून हवा अशीच तपासायची. एका दमात पारापर्यंत जाऊन परत येता आलं, तर पोरांना घटकाभर मैदानावर सोडायचं.

पाराजवळ आवाज तुटला.

अनुजाची आई, वाडीला कबड्डी शिकवणाऱ्या इंदूअक्का, कडीकडे धावल्या. सरपंच आडवे आले.

“दम तुटला की मागं कुणी जायचं नाही. नियम तुमचाच आहे, अक्का. एकामागं दुसरं मरायला नको म्हणून केलात.”

अक्कांनी पदर खोचला.

“मग आता माझी चढाई,” त्या म्हणाल्या, आणि छातीभर श्वास घेऊन ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत त्यांनी कडी काढली.